फुलवाती आणि एक फोटो

इंग्लंडच्या लँकाशायरमधल्या एका शाळेशी आमची मैत्री जुळली ती कापसामुळे. तिथल्या इतिहासाच्या शिक्षिका आपल्या गावातल्या बंद गिरण्यांवर मुलांकडून प्रकल्प करून घेत होत्या. गिरणीत यायचा तो कापूस कुठला, हे शोधता शोधता त्या हिंगणघाटपर्यंत पोचल्या. आमची शाळा हिंगणघाट तालुक्यातली. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकाशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आपल्या भागाकडे वळली. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचं तेव्हा मोठं नाव होतं. वर्धा जिल्हा वेगळा झाला तोही त्याच धामधुमीत, १८६२ साली. दोन्ही गावांचं नातं असं आमच्या पत्रव्यवहाराच्या कितीतरी आधीचं.

ओळख वाढली, मुलं व्हिडिओ कॉलवर बोलू लागली आणि ठरलं की आमच्या नववीतला एक गट तिकडे जाईल, पुढे त्यांचा गट इकडे येईल. पैसे उभे करायचं काम माझ्याकडे आलं. त्या कामात मी एका मुलीचा अपराध केला. मुलांना घेऊन असं काही करू पाहणारे शिक्षक आपल्याकडे आता बरेच आहेत, म्हणून सगळं लिहिते आहे.

सुरुवात चांगली होती. दिवाळीच्या आधी मुलांनी फुलवाती करून विकायचं ठरवलं. कापूस घरचाच. पिंजलेल्या कापसाचा रुपयाएवढा पापुद्रा तळव्यावर पसरायचा, मधोमध चिमटीत धरायचा आणि दुधाने ओलावलेल्या बोटांनी वर पीळ द्यायचा. सोपं वाटतं, पण पीळ सैल पडला तर वात उभी राहत नाही आणि घट्ट बसला तर तूप वर चढत नाही. एका मुलीचा हात यात इतका सफाईदार होता की बाकीच्या मुली तिच्याभोवती बसून शिकायच्या. शेजारच्या गावाहून येणारी, अबोल, पण एकदा बोलायला लागली की मुद्द्याचं बोलणारी. शंभर-शंभर वातींची पाकिटं हिंगणघाटच्या बाजारात आणि वर्ध्याला देवळांबाहेर खपली. मग शाळेत आनंदमेळा झाला, सांबारवडी आणि तर्री-पोह्यांचे स्टॉल लागले, बाजार समितीतल्या काही अडत्यांनी हात सैल सोडला. मुलं रोज संध्याकाळी हिशेब फळ्यावर लिहायची.

पण विमानाच्या तिकिटांचा आकडा समोर आला आणि मी घाबरले. वाती आणि वड्यांवर तो भागणार नव्हता. तारीख ठरलेली, तिकडच्या घरांनी मुलांची सोय केलेली. एका रात्री बसून मी स्लाइड्स तयार केल्या. भेगाळलेलं शेत, बोंडअळीने पोखरलेली बोंडं, पडकी विहीर. शेवटच्या स्लाइडवर ती मुलगी. तिच्या घराच्या ओट्यावर मीच कधीतरी काढलेला फोटो होता. मागे भिंतीवर वडिलांची हार घातलेली तसबीर. खाली मी इंग्रजीत लिहिलं की हिच्या शेतकरी वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केली आणि हिला तुमची शाळा पाहायची आहे.

तिला विचारलं नाही. तिच्या आईलाही नाही. विचारावं, हे मनातही आलं नाही. सगळं तिच्या भल्यासाठीच चाललं आहे, असं मी धरून चालले होते. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हापासून विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत वर्ध्याचं नाव घेतलं जातं. ते ऐकून ऐकून आमच्या जिभेला इतकं सरावलं आहे की त्यामागे कुणाच्या तरी घरातली एक सकाळ असते, हे मी विसरले होते.

पैसे भराभर आले. तिकडच्या मुलांनी केक विकले, पायी फेरी काढून वर्गणी जमवली. पुण्या-नागपूरच्या ओळखीच्यांनी स्लाइड्स पुढे पाठवल्या. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच टाकल्या. तिकडून मोठी रक्कम येणार, हेही मी पालकसभेत जाहीर करून टाकलं. परदेशातून देणगी घ्यायची तर संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, हे आमच्या लेखनिकाने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे नोंदणी नव्हती. ते पैसे तिकडेच राहिले, मुलांचं तिकडचं फिरणं त्यांतून झालं आणि उरलेल्या तिकिटांसाठी मला पुन्हा पालकांपुढे उभं राहावं लागलं. त्या चुकीची लाज वाटली, पण ती निस्तरता आली.

दुसरी चूक तिकडच्या शाळेत पाऊल टाकल्यावर दिसली. दारातून आत गेलं की समोरच मोठा फलक. त्यावर तिचा फोटो, मी लिहिलेली ओळ आणि शेजारी जमलेल्या पौंडांचा चढत जाणारा लाल पट्टा. मुलं धावत आली, तिला नावाने ओळखत होती. एका मुलीने तिला मिठी मारली आणि रडायला लागली. प्रार्थनेनंतरच्या कार्यक्रमात एका मुलाने अगदी हळुवारपणे तिला विचारलं, तुझे बाबा कसे गेले? त्या मुलांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना जे दिलं होतं त्यावरून ती प्रेमाने वागत होती.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, हे यायले कोणं सांगतलं?”

रात्री तिने मला सांगितलं ते असं. शाळेतल्या मैत्रिणींना तिने बाबा हार्टअटॅकने गेले म्हणून सांगितलं होतं. पालकांच्या ग्रुपवर स्लाइड्स आल्या त्या दिवसापासून वर्गात तिच्याशी सगळे वेगळे वागत होते आणि का, ते तिला आज कळलं. वडिलांचं कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं होतं म्हणून एक लाखाच्या सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं होतं, हे मला माहीत होतं. आपलं दुःख खरं आहे हे दाखवत तिच्या आईने कागदं घेऊन किती खेटे घातले, तेही माहीत होतं. तरी मी तेच दुःख आणखी एका दारात नेऊन दाखवलं.

दोन दिवसांनी आम्ही हेल्मशोरच्या गिरणी-संग्रहालयात गेलो. तिथे हाताळायला ठेवलेला कापूस तिने उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, धागा किती लांब निघतो ते पाहिलं आणि आपला कापूस यापेक्षा बरा म्हणून सांगितलं. मग पेरणीपासून वेचणीपर्यंत काय काय करावं लागतं, झाडाच्या किती वेचण्या होतात, भाव पडला की घरात काय होतं, हे ती इंग्रजी-मराठीची मोडतोड करत सांगत राहिली आणि सगळे तिच्याभोवती उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या वर्गात फुलवाती शिकवल्या. सरकी, भाव, कर्ज हे सगळं तिच्या बोलण्यात आलंच, पण ते तिने स्वतः, तिला हवं तेवढं सांगितलं. फुलवातींचं असं एक चित्रीकरण मी आधीच पाठवलं असतं तर? पैसे कमी जमले असते. मग कमी मुलं गेली असती, किंवा वर्षभर थांबलो असतो. चाललं असतं.

मी वर्ध्याची आहे, हे मला जास्त लागतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये मारवाडी विद्यालयाच्या आवारात जी शिक्षण परिषद भरली, तिथे मुलांच्या हाताच्या कामातून शाळेचा खर्च निघावा हा विचार गांधीजींनी मांडला. त्यावर वाद झाले, होण्यासारखे होतेच. मुलांना राबवलं जाईल ही भीती खरी होती. पण त्यात मूल काहीतरी करून पुढे येणार होतं. त्याच गांधीजींनी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकाशायरमध्ये डार्वेनजवळ मुक्काम केला होता. विलायती कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचं काम आणखी घटलं होतं, त्या गिरणी कामगारांनाच ते भेटले, त्यांचं ऐकून घेतलं आणि आपली बाजू सरळ सांगितली. दोन्ही गोष्टी मी दरवर्षी वर्गात शिकवत होते.

परत आल्यावर मी तिच्या घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. त्या बराच वेळ सुपातली तूर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मले इचारलं असतं त मी हो म्हटलं असतं, मॅडम. पोरीचं भलं होते म्हणून. पन मले नाई, तिले इचारा लागत होतं.”

फलक तिकडच्या शिक्षिकांनी त्याच आठवड्यात काढला आणि त्यांच्या मुलांशी त्याबद्दल बोलल्या. आमच्या शाळेत आता बाहेर जाणारा प्रत्येक फोटो आणि त्याखालचा मजकूर त्या मुलाला आधी दाखवला जातो; तो नको म्हणाला तर कारण विचारायचं नाही. नको म्हणणारी मुलं निघतात, दरवेळी निघतात.

ज्यांना ज्यांना स्लाइड्स पाठवल्या त्यांना मी पत्रं लिहिली. तरी गेल्या वर्षी तिचा तो फोटो मला एका अनोळखी ग्रुपवरून आला, भलत्याच कुठल्या मदतीच्या आवाहनाखाली. पाठवणाऱ्याला फोन केला. त्याने काढून टाकला, पण त्याच्याकडे तो कुठून आला हे त्याला सांगता येईना. ती आता हिंगणघाटला अकरावीत आहे. फोटो पुन्हा फिरतो आहे हे तिला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस काढले, मग तिला गाठून सांगितलं.

“कोणत्या ग्रुपवर आला ते सांगा,” ती म्हणाली, “मीच बोलतो त्यायच्याशी.”