आधी नट घाल

मोलगीहून अक्कलकुव्याकडे देवगोई घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकाएकी तळाला गेलं. जीपमध्ये मणिबेलीची एक आजी होती, डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेली; सोबत तिचा मुलगा आणि नातू. मी पुन्हा पेडल दाबलं, पुन्हा तळाला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून वाचलो. पहिला गिअर टाकला, हॅन्डब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाच्या चरात डावी चाकं घातली. आजी उतरली, दगडावर बसली आणि मलाच म्हणाली, "बाई, पाणी पी."

मागच्या ॲक्सलवरच्या पाईपला गंजानं सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. सगळं ब्रेक ऑईल तिथून गेलं होतं. जीप माझ्या वडिलांची. जुनी महिंद्रा, विलीसच्या घराण्यातली. चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलेंडर एकाच खान्याचा. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, हे मला त्या दिवशी समजलं. वडिलांनी मला गाडी चालवायला शिकवलं होतं. गाडी थांबते कशी, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मी मणिबेलीच्या शाळेत शिकवते. नर्मदेच्या काठचं हे गाव म्हणजे मतदार यादीतलं महाराष्ट्राचं पहिलं मतदान केंद्र. सरदार सरोवराच्या पाण्यात राज्यातली घरं जायला लागली ती इथूनच. मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा, असं जागतिक बँकेला सांगणारा १९९४ चा जाहीरनामा जगभरातल्या संघटनांनी काढला, त्याला नाव या गावाचं आहे. धरणाची उंची आज १३८.६८ मीटर. जुनं गाव, जुन्या वाटा पाण्याखाली आहेत. आम्ही जीपनं जमेल तिथवर येतो आणि पुढं होडी धरतो. म्हणून ही जीप मला विकायची नव्हती. तांदूळ, वह्या, तापानं फणफणलेलं पोर, अडलेली बाई, सगळ्यांना त्या घाटातून न्यावं लागतं.

अक्कलकुव्यातले जे मिस्त्री वडिलांच्या वेळेपासून गाडी बघतात, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी खाली पडून पाहिलं आणि सांगितलं, नुसता पाईप बदलून भागणार नाही. पुढं डिस्क लाव, दोन खान्यांचा मास्टर सिलेंडर घे, बूस्टर घे, पाईप सगळे नवे. मग म्हणाले, "पण पाईप तू बनवशील, बेटा. मोलगीच्या पुढं काही झालं तर तिथं मी नसणार, तू असशील."

मला वाटलं होतं, ब्रेकचे पाईप दुकानात तयार मिळत असतील. नव्या गाड्यांचे मिळतात. आमच्या गाडीत जुनी चेसी आणि नवे भाग एकत्र येणार, त्यामुळं मापाचं काहीच मिळणार नव्हतं. चाचांनी बंडी पाईपचं वेटोळं हातात दिलं: पावणेपाच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी. एवढ्याशा नळीत जोरात ब्रेक दाबला की शंभर बारच्या आसपास दाब येतो. टायरमधल्या हवेचा दाब दोन बारच्या घरात असतो. मी मुलांना दोन सिरिंज आणि पाणी घेऊन पास्कलचा नियम दाखवते, पण तो दाब अंगावर घेणाऱ्या नळीच्या टोकाचं काय होतं, याचा विचार तिथं कधी आला नव्हता. तांब्याची नळी वाकवायला सोपी, ती का नको, हे मी विचारलं. चाचा म्हणाले, फ्रिजला चालते, गाडीला नाही. थरथरून थरथरून तांबं कडक होतं आणि एक दिवस तडकतं.

आधी बाइंडिंगची तार घेऊन चेसीच्या कडेकडेनं, सायलेन्सरपासून लांब, पाईपची वाट आखायची. तार सरळ करून मोजायची आणि तेवढी नळी कापायची. कटर गोल फिरवत हळूहळू आवळायचा. मी घाई केली, नळीचं तोंड तिरकं झालं. कानशीनं ते सपाट केलं, आतली धार काढली, लोखंडाचा कीस फुंकून टाकला. मग नळी साच्यात धरायची. किती वर ठेवायची, ते सोबतच्या ठोकळ्याच्या पायरीवरून ठरतं. ठोकळा दाबला की नळीचं तोंड फुगून छत्रीसारखं होतं. मग ठोकळा काढून त्यावर शंकू दाबायचा, म्हणजे छत्रीची कड आत दुमडते आणि तोंडाशी पत्र्याचे दोन थर होतात. एकेरी फाकवलेली कड पोलादात फाटते, दुहेरी टिकते. चाचा याला फूल काढणं म्हणतात.

माझं पहिलं फूल वाकडं आलं, दुसरं एका बाजूला चिरलं. तिसरं सुरेख जमलं. मी ते उजेडात धरून बघत होते, तेव्हा चाचांनी विचारलं, "नट कुठंय?"

नट टेबलावर होता. एकदा फूल निघालं की त्या टोकानं नट आत जात नाही. दुसऱ्या टोकाला फूल आधीच काढलेलं. वीतभर नाही, चार फूट नळी वाया गेली. चाचा रागावले नाहीत. त्यांनी खडूनं साच्यावर लिहिलं: आधी नट घाल. दुसऱ्या दिवशी तो खडू पुसला गेला आणि मी पुन्हा विसरले. त्यानंतर मात्र कटर हातात घेण्याआधी मी नट मोजून ओठात धरत होते.

आट्यांचा घोळ याहून भयंकर निघाला. जुन्या व्हील सिलेंडरचे नट इंची, तीन अष्टमांश. नव्या मास्टर सिलेंडरची भोकं दहा मिलिमीटरची. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर. आट्यांमधलं अंतरही जवळजवळ सारखं. मी इंची नट मास्टर सिलेंडरला लावला तर तो बोटांनीच सरसर आत गेला. मला आनंद झाला. चाचांनी हात धरला. इतका ढिला चालला म्हणजे तो तिथला नव्हेच. पान्यानं आवळल्यावर तो धरल्यासारखा वाटतो, आणि जोराचा ब्रेक लागला की आट्यांसकट सुटतो. मेट्रिक भोकांची बैठकही वेगळी, तिला दुमडलेलं फूल चालत नाही, गोल फुगा लागतो. त्याचा ठोकळा निराळा. म्हणजे एकाच नळीच्या एका टोकाला मेट्रिक नट आणि फुगा, दुसऱ्या टोकाला इंची नट आणि फूल. मी प्रत्येक नळीला कागदाची चिठ्ठी बांधली. त्या संध्याकाळी डोकं भणभणत होतं, पण हा घोळ मला कुणी आधी सांगितला असता तर कळला नसता, असं आजही वाटतं.

डिस्क, कॅलिपर, बूस्टर बसवणं त्या मानानं लवकर झालं. ड्रमचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर आपसूक ओढला जाऊन जास्त धरतो. डिस्कला ती सोय नाही, म्हणून बूस्टर हवा. डिझेल इंजिनात त्यासाठीचा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, अल्टरनेटरच्या मागचा पंप तो करतो. घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. त्यांना हे मी आता प्रत्येक थांब्यावर सांगते.

मग हवा काढणं. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे डावं मागचं. आजीचा मुलगा पेडलवर बसला. "दाब, दाब, धर!" मी निप्पल सैल करायची, बाटलीत बुडबुडे यायचे, निप्पल आवळायची, "सोड!" चारही चाकं तीनदा झाली. बाटलीतलं तेल स्वच्छ येत होतं, तरी पेडल स्पंजसारखं. एक अख्खी दुपार गेली. नवीन तेलाचा डबा संपला. मी प्रत्येक जोड पुन्हा आवळून पाहिला; सगळे कोरडे. आपण बनवलेल्या नळ्यांतच खोट आहे, असं मला वाटायला लागलं.

चाचा नमाजाहून आले, पुढच्या चाकाशी वाकले आणि म्हणाले, "हवा वर जाते की खाली?" निप्पल कॅलिपरच्या तळाशी होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. तेल खालून निघत होतं आणि हवा वर तशीच बसून होती. दोन्ही बदलले. बदलताना होस पाईपला पीळ बसू दिला नाही, तांब्याचे वायसर नवे घातले, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं वळवून होस कुठं घासत नाही ना ते पाहिलं. या वेळी हवा दहा मिनिटांत निघाली. पेडल वरच्या वर घट्ट थांबलं.

चाचांनी इंजिन चालू ठेवून मला पेडल पूर्ण जोरानं दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. पाय थरथरायला लागला तरी सोड म्हणेनात.

घाटाची पहिली फेरी रिकाम्या गाडीनं केली, दुसरी पोती भरून. तिसऱ्या फेरीला दवाखान्यातून परतलेली आजी होती, डोळ्यावर हिरवी पट्टी. चढून गेलो, मोलगीपुढचे नर्मदेकडचे उतार लागले. पहिल्या वळणावर हलकेच दाबलं, गाडी सरळ रेषेत मंद झाली. गिअर मी तरीही दुसराच ठेवला.

होडीच्या जागी पोचलो तेव्हा अंधार पडत होता. आजीला होडीत बसवलं. मग बॅटरी दातांत धरून गाडीखाली शिरले आणि एकेका नटावरून बोट फिरवलं. डाव्या मागच्या चाकाशी बोट ओलं लागलं. काळजात धस्स झालं. बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. ब्रेक ऑईल बुळबुळीत लागतं, हे नुसतं पाणी होतं, वाटेतल्या नाल्याचं. ते जोड फडक्यानं पुसून कोरडे केले आणि सकाळी होडीनं परत येऊन पुन्हा बघितले.