सुरुवात चुकवू नये



मागच्या आठवड्यात मंदिरजीतून निघताना एकीनं विचारलं, "तुम्ही स्वाध्यायाला बसता आणि भुताचे सिनेमेही पाहता?" पाहते बाई, खोटं कशाला बोलू! लहानपणापासूनची सवय आहे.

माझं माहेर अकोल्याचं. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा लागे. आमची जेवणं सूर्यास्ताआधीच आटोपलेली, त्यामुळे आम्ही सुरुवातीपासून बसलेलो असू. शेजारपाजारच्या स्वयंपाक उरकून उशिरा येत आणि "काय झालं वं आतापर्यंत?" विचारत राहत. 'वो कौन थी?' (१९६४) असाच पाहिला. पावसाची रात्र, डॉक्टर गाडी चालवतोय, वाटेत पांढऱ्या साडीतली साधना उभी. तो तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतं, त्याला पुढचं काही दिसेना. तिला मात्र रस्ता दिसतो, आणि ती त्याला नेते थेट कब्रस्तानापाशी. मी आईच्या पदराआड. आई म्हणाली, "कशाले भेतं वं? तिनं काही केलं का त्याले?"

खरंच, तिनं काहीच केलं नव्हतं. पुढं असे पुष्कळ सिनेमे पाहिले आणि आईचं म्हणणं पटत गेलं. चांगला भयपट पहिल्या दृश्यात फारसा घाबरवत नाही. तो फक्त एक फट दाखवतो, जिच्यातून पुढं सगळं आत येणार असतं. 'महल'मध्ये (१९४९) अशोककुमार ओसाड हवेलीत येतो आणि भिंतीवर स्वतःसारखंच दिसणाऱ्या माणसाचं चित्र पाहतो. एवढंच. पण तिथून त्याचं मन त्या हवेलीत अडकतं. हिचकॉकचा 'सायको' (१९६०) तर भर दुपारी सुरू होतो. भूत नाही, अंधार नाही. ऑफिसात काम करणारी एक साधी बाई, लग्न पैशांपायी अडलेलं, आणि हातात आलेले मालकाच्या गिऱ्हाइकाचे ४० हजार डॉलर. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका, असं हिचकॉकनं थिएटरवाल्यांना बजावलं होतं. आमच्या शेजारणींचं काही खरं नव्हतं!

आता मुद्द्याचं सांगते. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरांत लागला. आमचं दशलक्षण पर्व चालू होतं. मुलगा मागं लागला, मी म्हटलं, पर्व होऊ दे. क्षमावाणी झाली, मग अमरावतीतच गेलो पाहायला.

त्याची सुरुवात लोभावरच्या गांधीजींच्या विचारानं होते. मग बाप मुलाला गोष्ट सांगतो. देवीचा पहिला, लाडका मुलगा हस्तर. त्याला तिचं सोनंही हवं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याकडे हात गेला आणि देव त्याच्यावर तुटून पडले. मग १९१८ सालचं तुंबाड, धो धो पाऊस, आणि एका सोन्याच्या मोहरेसाठी म्हाताऱ्या सरकारांची सेवा करणारी आई. राक्षस पुढं दिसतोच, पण मला धास्ती वाटली ती त्या एका मोहरेची.

कारण ही गोष्ट माझ्या ओळखीची होती. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी परिग्रहासाठी श्मश्रुनवनीताचं नाव घेतलंय. ताक पिताना त्याच्या मिशीला थोडं लोणी लागलं. ते तो साठवू लागला. तूप झालं, मडकं भरलं. थंडीत शेकोटी पेटवून तो पडल्या पडल्या मनोराज्य करू लागला. मी व्यापारी होईन, राजा होईन, राणी माझे पाय चेपील. लाडानं राणीला लाथ मारायला गेला, ती बसली मडक्याला. तूप आगीत, आणि तोही त्यातच गेला. सुरुवात कशानं? मिशीला लागलेल्या लोण्यानं.

माझं लोणी आईच्या पाटल्या. आई गेल्यावर महिन्याभरानं कपाट आवरताना मी धाकट्या बहिणीला सहज म्हटलं, "पाटल्या राहू दे माझ्याकडे, पुढं पाहू." आईचं सगळं दुखणं तिनं अकोल्यात काढलं होतं. ती काही बोलली नाही. दोन वर्षं आम्ही फक्त लग्नकार्यात भेटलो. उत्तम शौच म्हणजे लोभाचा अभाव, हे मी दर पर्वात ऐकते. क्षमावाणीचे निरोप शंभर जणींना पाठवले, तिला नाही पाठवला.

सिनेमाहून आल्यावर झोप लागली नाही. सकाळी पूजा करून एसटीनं अकोल्याला गेले. पाटल्या तिच्यापुढं ठेवल्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "ताई, मले पाटल्या नकोच होत्या. तू विचारलं असतं तं मीच तुह्या हातात घातल्या असत्या."

विचारलं नाही, तीच ती फट.

पाटल्या आता तिच्याकडे आहेत. सूर्य मावळायच्या आत दोघी जेवायला बसलो, आईच्या हातची नव्हे, तिच्या हातची भाकरी.

तुमच्याही कपाटात असं काही असेल तर सिनेमा लांबवू नका. उत्तम क्षमा.