दृश्यांतराची जागा
फर्दापूरच्या फाट्यावर बस बदलून अजिंठ्याकडे जाणारा प्रेक्षक संगणकावरील संकलनातल्या दृश्यविलयाला सरावलेला असतो. एका प्रतिमेची पारदर्शकता वाढते, दुसरीची घटते आणि त्या २४ चौकटींच्या एका सेकंदात काळ सरकला, हे तो मुकाट्याने मान्य करतो. १७ क्रमांकाच्या लेण्यातील विश्वंतर जातकापुढे हा संकेत अपुरा पडतो. तेथे चौकटच नाही. नायक पुन्हापुन्हा दिसतो. प्रसंगांच्या मध्ये एखादा खांब, नगरद्वार किंवा झाड. शिवाय अजिंठ्याची मांडणी पुष्कळदा काळापेक्षा स्थळाला धरून चालते. एकाच ठिकाणी आधी व नंतर घडलेले शेजारीशेजारी येते. (अंधुक प्रकाशात आणि गर्दीत हे निसटते, हेही खरेच.) दृश्यांतर किती लांबवायचे हे संकलकाच्या हाती असते, भिंतीपुढे ते चालत्या प्रेक्षकावर सोपवलेले आहे. या भित्तिचित्रांना चित्रपटाचे पूर्वरूप म्हणण्याची समीक्षकी घाई म्हणूनच पटत नाही.