स्वस्त पेन-जी आणि माझं बदललेलं मत

औषधांचा कच्चा माल जिथे स्वस्त मिळेल तिथून आणावा, त्यात देशाभिमान मध्ये आणू नये, असं मत मी नोकरीची बहुतेक वर्षं बाळगलं. नुसतं बाळगलं नाही, तर बैठकांमधून आणि नव्या मुलामुलींच्या प्रशिक्षणातून हिरिरीने मांडलंही. गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात माझी हयात गेली. अमोक्सिसिलिन हा आमचा मोठा माल. अमोक्सिसिलिन बनतं ६-एपीएपासून, ६-एपीए बनतं पेनिसिलिन-जीपासून, आणि पेन-जी यायचं चीनमधून. ही साखळी इतकी अंगवळणी पडली होती की तिच्या पहिल्या कडीकडे मी कधी शंकेने पाहिलंच नाही. भाव ठरवायचा, नमुना क्यूसीतून पास करून घ्यायचा आणि जहाज न्हावा शेव्याला कधी लागतंय ते विचारायचं, एवढंच माझं काम होतं.

आज ते मत राहिलेलं नाही. ज्या मोजक्या औषधांवाचून सैन्याचं इस्पितळ आणि गावचं आरोग्य केंद्र दोन्ही ठप्प होतील, त्यांचं उत्पादन मुळापासून देशात झालं पाहिजे. ते महाग पडलं तर वरचे पैसे संरक्षणाचा खर्च म्हणून द्यावेत, असं मला आता मनापासून वाटतं.

जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली तेव्हा आपल्याकडे पेन-जी बनत होतं. पिंपरीला होतं, वडोदऱ्याजवळ होतं, तामिळनाडूत कडलूरला होतं. चीनने इनर मंगोलियासारख्या भागात, मका आणि कोळसा हाताशी असलेल्या ठिकाणी, प्रचंड मोठ्या टाक्यांचे कारखाने उभे केले. पेनिसिलिनच्या बुरशीला साखर लागते, रात्रंदिवस निर्जंतुक हवा लागते, टाकी थंड ठेवायला आणि घुसळायला अखंड वीज लागते. आपली वीज महाग, टाक्या लहान, त्यामुळे आपले कारखाने एकेक करून बंद पडत गेले. पण त्याच काळात अमोक्सिसिलिन गरिबाला परवडू लागलं. घशाच्या संसर्गावर, लहान मुलांच्या न्यूमोनियावर सरकारी दवाखान्यात ते सहज मिळू लागलं, आणि त्या स्वस्ताईत माझ्यासारख्यांच्या घासाघिशीचाही वाटा होता. त्याचा मला आजही अभिमान आहे.

म्हणूनच डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जादा जमीन विकून देणी भागवायचं आणि पुढे कंपनीही विकायचं ठरवलं, तेव्हा मला ते योग्यच वाटलं होतं. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना. आमच्या भागात त्याला सगळे ‘एचए’ म्हणतात. पिंपरीच्या मातीतल्या जिवाणूपासून तिथे हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधलं गेलं आणि त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी गाव कायमचं जाऊन बसलं. मी हे सगळं इतिहास म्हणून वाचायचे. इतिहासाला पगार कशाला द्यायचा, असं माझं म्हणणं होतं.

माझ्या मताला तडा गेला २०२० मध्ये, आणि तो चीनच्या वागण्याने गेला नाही. आपल्या वागण्याने गेला. मार्चच्या सुरुवातीला, कोरोनाच्या धास्तीत, आपल्या सरकारने २६ औषधं आणि औषधी घटकांच्या निर्यातीवर बंधन घातलं. पॅरासिटामॉल त्यात होतं. त्याच महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची निर्यात थांबली. मला तो निर्णय समजत होता. आपल्या लोकांना पुरेल की नाही याची खात्री नसताना कुठलं सरकार माल बाहेर जाऊ देईल? पण मग लगेच दुसरा प्रश्न समोर उभा राहिला. आपण कुणाशी भांडण नसताना हे केलं, तर ज्याच्याशी सीमेवर भांडण आहे तो वेळ आल्यावर काय करील?

वेळ फार लांब नव्हती. १५ जूनला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. त्यानंतरच्या आठवड्यात चीनहून आलेला माल बंदरांवर अडू लागला. तो चीनने अडवला नव्हता, आपल्याच कस्टम्सने प्रत्येक खेप उघडून तपासायला सुरुवात केली होती. आमचे ड्रम न्हावा शेव्याला पडून होते. कागदपत्रं पूर्ण होती, पैसे भरलेले होते, आणि माल आपल्याच जमिनीवर असून आपल्याला मिळत नव्हता. कारखान्यात दोन शिफ्टपुरतं ६-एपीए उरलेलं असताना मी क्लिअरिंग एजंटला दिवसातून कितीदा फोन केले असतील, त्याची गणती नाही. त्याला तरी काय बोलणार? सीमेवर माणसं मारली गेली होती आणि देशाचा राग रास्त होता. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ज्या देशावर राग काढायचा, त्याच देशाच्या पेनिसिलिनवर आपल्या जखमी जवानाचं अँटिबायोटिक अवलंबून आहे. चीनहून येणारा माल तेव्हा आपल्या बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांच्या कच्च्या मालाच्या, आयातीत साधारण दोन तृतीयांश भरायचा. पेन-जीच्या बाबतीत तर तेव्हा जवळजवळ सगळा माल तिथलाच होता.

त्या पावसाळ्यात मी युद्धाचा इतिहास वाचायला घेतला. माझा तो विषय नव्हे. पण एक गोष्ट डोक्यात रुतून बसली. मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि क्विनाइनसाठी लागणाऱ्या सिंकोनाच्या सालीचा जगातला बहुतेक सगळा पुरवठा शत्रूच्या हाती गेला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर हिंदी सैनिक मोठ्या संख्येने लढत होते. तिथे १९४३ साली जखमी म्हणून मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे १२० जण आजारी म्हणून पाठवावे लागत होते, असं जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय. पुढे मेपाक्रिनच्या गोळ्यांनी मलेरिया आटोक्यात आला. ते औषध मूळचं जर्मनांचं. ब्रिटन-अमेरिकेला ते घरी बनवता आलं, कारण त्यांचे रासायनिक कारखाने आधीपासून चालू होते. मला यातलं ‘चालू होते’ हे महत्त्वाचं वाटतं.

त्याचा अर्थ मला नीट समजावून दिला एचएमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी. त्यांची हयात फर्मेंटेशन विभागात गेली. मी त्यांना विचारलं की समजा उद्या गरज पडली, तर पैसा ओतून वर्षभरात पेन-जी सुरू करता येईल ना?

“टाकी कराल हो मॅडम वर्षभरात. बुरशी कोण देणार?”

मग त्यांनी सांगितलं ते असं. फ्लेमिंगच्या बुरशीपेक्षा आजच्या कारखान्यातली बुरशी हजारो पटींनी जास्त पेनिसिलिन देते. ती तशी निसर्गात सापडत नाही, पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून तयार केलेली असते. काचेच्या अँप्यूलमध्ये वाळवून जपावी लागते. पुन्हापुन्हा वाढवत राहिलं की तिचं उत्पन्न घसरतं, म्हणून सतत नवी निवड चालू ठेवावी लागते. टाकीत चुकून भलते जिवाणू शिरले आणि ते पेनिसिलिन फोडणारे निघाले, तर आठवड्याची मेहनत गटारात ओतावी लागते. “लॅबचा रिपोर्ट दुपारी यायचा,” काका म्हणाले, “पण टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेचा वास सकाळीच सांगायचा की आज लागण झालीय. हे नाक काही मॅन्युअलमध्ये नसतं.” हे सांगताना त्यांनी नाकपुडीवर बोट टेकवलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आता कुठे आहेत, असं मी विचारलं. कुणी विम्याची एजन्सी घेतली, कुणी गावी शेती बघतो.

इथे माझा जुना शेवटचा मुद्दाही पडला. मी म्हणायचे, कारखाना कशाला, साठा करा. सैन्याने वर्षाच्या गोळ्या भरून ठेवाव्यात. पण अमोक्सिसिलिन-क्लॅव्हची गोळी साधारण दोन वर्षांत बाद होते, कारण क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ओलाव्याने नासतं. साठा सारखा फिरवत राहावा लागतो, म्हणजे पुन्हा त्याच बाजारातून घेणं आलं. सैन्याचं पेनिसिलिन वेगळं नसतं. ज्या टाकीतून जिल्हा रुग्णालयाची गोळी येते त्याच टाकीतून लडाखच्या इस्पितळाची येते. शिवाय युद्धाच्या काळात घरची मुलं आजारी पडायची थांबत नाहीत.

पिंपरीपासून पुण्याकडे निघालं की थोड्याच वेळात खडकी लागते. तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. शांततेच्या काळात तो तोट्यात चालतो का, त्यापेक्षा बाहेरून काडतुसं स्वस्त पडतील का, असे प्रश्न मी कधी विचारले नाहीत, माझ्या ओळखीत कुणी विचारले नाहीत. पिंपरीच्या कारखान्याला मात्र आपण तेच प्रश्न विचारत राहिलो.

आता चित्र थोडं पालटतंय. २०२० मध्ये केंद्राने बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ अरबिंदोच्या लिफियस कंपनीच्या पेन-जी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. वर्षाला १५,००० टनांची क्षमता आहे. हिमाचलात नालागढला क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचा प्रकल्पही आलाय. मला याचा खरोखर आनंद झाला. पण खरेदीतल्या माणसाला पुढचं पाऊल लगेच दिसतं. काकीनाड्याचा माल बाजारात आल्यावर चिनी पेन-जीचे भाव उतरले. ते उतरणारच होते, कारण नवा कारखाना दमवायची ही जुनी रीत आहे. नव्वदच्या दशकात आपण नेमके इथेच हरलो, आणि माल घेणाऱ्यांत मीही होते.

सगळंच घरी बनवा, असं मी म्हणत नाही. ते परवडणार नाही आणि गरजही नाही. पेन-जी, क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, आणखी काही अँटिबायोटिक्स आणि भुलीची औषधं अशी छोटी यादी डॉक्टरांनी आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेने मिळून करावी. सांडपाण्याचं भयही मला आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या पाण्यात किती अँटिबायोटिक सापडलं होतं हे २००७ पासून जगजाहीर आहे. अशा पाण्यात जंतू निर्ढावतात, आणि निर्ढावलेल्या जंतूंपुढे देशात बनलेलं औषधही निकामीच. ते पाणी नीट शुद्ध करायचा खर्च भावात धरलाच पाहिजे. मग आपला माल आणखी महाग दिसेल, तो तसा दिसू द्यावा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते टेंडर. मी आयुष्यात असंख्य सरकारी टेंडरं भरली. त्यात दर असतो, पॅकिंग असतं, एक्स्पायरी असते, लायसन्स असतं. सर्वांत कमी दरवाला एल-वन ठरतो आणि ऑर्डर त्याला जाते. गोळीतलं पेनिसिलिन कुठल्या टाकीत वाढलं, हे मला त्यांतल्या एकाही फॉर्ममध्ये कुणी विचारलं नाही. एका हाताने काकीनाड्याला प्रोत्साहन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने स्वस्त चिनी पेन-जीची गोळी घ्यायची, असं सरकारने किती दिवस करायचं? सैन्य, रेल्वे, ईएसआयसी आणि राज्यांची आरोग्य खाती यांनी त्या छोट्या यादीपुरता हा एक रकाना घालावा, देशी टाकीतल्या मालासाठी आठ-दहा वर्षांचे करार करावेत, आणि दरातला फरक संरक्षणाच्या अंदाजपत्रकातून भरावा. खरेदीतली कुठलीही मुलगी तो रकाना एका दुपारीत भरून देईल.