होल्स्टेनटोर : व्यापाऱ्यांच्या पैशाने उभी राहिलेली वेस

पहिला दिवस
रेल्वे स्थानकाकडून ल्यूबेकच्या जुन्या शहराकडे निघालेल्या प्रवाशाला होल्स्टेनटोर, म्हणजे उत्तर जर्मनीतील होल्श्टाइन प्रांताच्या वाटेवरील वेस, समोरच दिसते. शंकूच्या आकाराच्या छपरांचे दोन गोल बुरूज आणि मध्ये एक कमान अशी तिची रचना असून बांधकाम विटांचे आहे. ल्यूबेक ही हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाची अग्रगण्य नगरी असल्याने वेशीसाठी राजकोशाकडे पाहावे लागले नाही. योहान ब्रोलिंग या नगरसभेच्या सदस्याने त्यासाठी ४००० मार्क ठेवले आणि हिनरिख हेल्मश्टेडे या स्थपतीने १४६४ ते १४७८ या काळातील हे काम पाहिले.

दुसरा दिवस
बाहेरची भिंत सुमारे साडेतीन मीटर जाड असून तिच्यात जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली अरुंद भोके, आहेत. शहराकडील भिंत मात्र मीटरभरही जाड नाही आणि तिच्यावर खिडक्यांच्या रांगा आहेत. भाजलेल्या मातीच्या नक्षीदार पाट्यांचे पट्टे शत्रूच्या बाजूलाही फिरवलेले असल्याने, येथे बंदोबस्ताइतकीच शहराची पत दाखवण्याची हौस होती, असे म्हणावे लागते. तोफांचा प्रसंग तर कधी आलाच नाही. वेशीला खरा त्रास दिला तो ट्राव्हे नदीकाठच्या दलदलीने : बांधकाम चालू असतानाच दक्षिणेकडील बुरूज खचू लागला, आणि सर्वांत खालच्या जंग्या आज जमिनीखाली आहेत.

तिसरा दिवस
शेजारची मिठाची कोठारे पाहून झाली, तरी वेशीचा उत्तरकाळ अधिक उद्बोधक ठरतो. या वाटेवर एकामागे एक चार वेशी होत्या. त्यांपैकी १५८५ची देखणी बाहेरची वेस १८५३मध्ये रेल्वेसाठी पाडली गेली, म्हणजे प्रवाशाला येथवर सुखाने आणणाऱ्या रेल्वेनेच एक वेस गिळली होती. उरलेली वेसही जुनाट अडगळ मानली जात असे, आणि १८६३मध्ये नागरिकांच्या सभेत केवळ एका मताच्या आधिक्याने ती वाचली. १८७१मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला, तेव्हा ‘घरात एकोपा, बाहेर शांतता’ अशा अर्थाचा लॅटिन लेख बाहेरच्या बाजूस आला. पाडलेल्या वेशीवरील मोठ्या लेखाचे ते संक्षिप्त रूप होय. पुढे १९३३-३४मध्ये सळईयुक्त काँक्रीटच्या आधाराने खचणे थांबवण्यात आले. बुरुजांचा कल मात्र अजूनही नुसत्या डोळ्यांना जाणवतो.