‘सर, आधी सांगायचं ना!’

मंडळी, आज नगरपालिका नाही, पाणी नाही, रस्ताही नाही. आज हॉटेल. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. काहीजण म्हणतील, पुण्यातल्या हॉटेलात काय झालं त्याचं बार्शीला काय? तर आपल्या बायपासवरच्या मेनूकार्डातही आता ‘थाय करी’ आलीय. शिवाय आपली निम्मी पोरं पुण्यात आहेत, आणि आई-बाप तिकडं गेले की कुठंतरी चांगल्या ठिकाणी जेवायला घेऊन जातातच.

लेकीला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगाराची पार्टी तिच्याकडून. गेल्या रविवारी मी, बायको, आई, मेहुणा आणि ती असे पाचजण पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या थाय हॉटेलात गेलो. नाव लिहीत नाही. तक्रार केली आहे, ती चालू आहे. इनबॉक्समध्ये नाव विचारू नका.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. गुडघ्यामुळं पायी वारी बंद झाली, पण एकादशीचं पंढरपूर तिनं सोडलेलं नाही. लेकीला हे माहीत असल्यामुळं तिनं आधी फोन करून विचारलं होतं, ‘प्युअर व्हेज मिळेल ना?’ मिळेल म्हणाले. कार्डावर ‘व्हेज ग्रीन करी’च्या पुढं हिरवा ठिपकाही होता. तीच आजीसाठी मागवली.

आधी जेवणाबद्दल. मी काही खवय्या वगैरे नाही. पण २०१६ साली द्राक्ष बागायतदारांच्या एका दौऱ्याबरोबर थायलंडला जाऊन आलोय, आणि तिथं रस्त्यावर जे खाल्लं ते अजून जिभेवर आहे. मला तर ते जेवण आपल्या सोलापूर भागाच्या फार जवळचं वाटलं. कच्ची पपई, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, लिंबू आणि ताडाचा गूळ उखळात घालून बाई आपल्यासमोर कुटते, तिला ‘सोम तम’ म्हणतात. खर्डा कुटल्यासारखा आवाज येतो. ‘पॅड थाय’ नूडल्सचा आंबटपणा चिंचेचा. ‘टॉम यम’ सुपाचा वास म्हणजे आपला गवती चहा. यातली कुठली वस्तू पुण्याच्या मंडईत मिळत नाही सांगा?

तरी समोर काय आलं? सूप म्हणजे टोमॅटो सॉसचं पाणी, गवती चहाची काडीसुद्धा नाही. पॅड थाय गोड, शेंगदाणे खवट. मेहुण्यानं तुळस घातलेलं चिकन मागवलं होतं. हो, तिकडं ‘क्राप्राव’ म्हणतात ती आपल्या वृंदावनातलीच तुळस, आणि तिच्या पानांत कोंबडी परततात. आई हे ऐकून ‘अगं बाई!’ म्हणाली. पण प्लेटमध्ये तुळस नव्हतीच, नुसती ढोबळी मिरची. दारात रेशमी जाकीट घातलेली पोरं हात जोडून ‘सवादी खा’ म्हणत होती. तिकडं बाईमाणूस ‘खा’ म्हणते, पुरुष ‘ख्रप’ म्हणतो. कुणीतरी जाकिटं शिवून घेतली, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

असो. बेचव जेवण हा गुन्हा नाही. पैसे गेले, परत जायचं नाही, विषय संपला. त्यावर मी पोस्ट लिहिली नसती.

आईनं तीन-चार घास खाल्ले आणि म्हणाली, ‘ह्याला कसला गं वास यतोय? सुकटीवानी.’ लेकीनं चमचाभर खाऊन बघितलं आणि वाढणाऱ्या पोराला विचारलं, करीत फिश सॉस किंवा झिंगा आहे का. तो म्हणाला, ‘मॅडम, व्हेज आहे, आत भाज्याच आहेत.’ वाटणात काय आहे? ‘वाटण पाकिटातनं येतं. पाकीट फोडून टाकतात.’

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कुणी काही शिकवलेलंच नाही. पण मालकाला आणि मॅनेजरला माहीत असायलाच हवं. थाय करीचं वाटण पारंपरिक पद्धतीनं केलं तर त्यात ‘कपी’ असते, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेला गोळा. वरून मिठाऐवजी फिश सॉस, म्हणजे मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवलेल्या माशांचं पाणी. वरती भाज्या घातल्या म्हणून ते शाकाहारी होत नाही. ज्याचा हा धंदा आहे त्याला हे कळत नसेल तर त्यानं दुसरा धंदा करावा.

आणि थायलंडला यासाठी नावं ठेवू नका. तिथं शाकाहारासाठी एक शब्द आहे, ‘जे’. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. त्या गाडीवर मांस नाही, मासा नाही, फिश सॉस नाही, एवढंच काय कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासासारखं. वर्षातून एकदा नऊ दिवस तर हे व्रत कितीतरी लोक पाळतात. मला तिथं भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण ‘जे’ म्हटल्यावर गाडीवाली बाई मान हलवून ‘नाही’ म्हणाली आणि पलीकडच्या गाडीकडं बोट दाखवलं. तिनं गिऱ्हाईक घालवलं, पण खोटं बोलली नाही.

आमच्याकडं मॅनेजर आला. लेक म्हणाली, पाकीट दाखवा. मागणी साधी होती. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकीटबंद खाद्यपदार्थावर शाकाहारी असेल तर चौकोनात हिरवा गोल आणि मांसाहारी असेल तर चौकोनात तपकिरी त्रिकोण लागतो. बाहेरून आलेल्या मालावरही. दोन मिनिटांचं काम. तो म्हणाला, ‘किचनमधल्या वस्तू बाहेर आणता येत नाहीत, पॉलिसी आहे. इतके लोक खातात, कुणाची तक्रार नाही.’ मग आईच्या माळेकडं बघून हसत म्हणाला, ‘मावशींना सवय नसेल या टेस्टची.’

आई काही बोलली नाही. तिनं वाटी बाजूला सारली आणि पाणी प्याली.

बिल आलं. जेवणाचे ३,४६० रुपये. त्याच्या खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ३४६ रुपये. आणि त्या सर्व्हिस चार्जवरही पाच टक्के जीएसटी. एकूण ३,९९६ रुपये ३० पैसे. ज्या सेवेत साध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, त्या सेवेचे करासकट ३६३ रुपये ३० पैसे! मी म्हटलं, हे काढा. ‘सर, कंपल्सरी आहे, कार्डावर खाली लिहिलंय.’

इथं जरा थांबून कायदा सांगतो, तुमच्या कामाचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सूचना काढल्या आहेत. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही लावायचा नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, काही काळ स्थगितीही होती. शेवटी २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड केला. म्हणजे ‘कार्डावर लिहिलंय’ याला काही अर्थ नाही.

हे मी शांतपणे सांगत होतो आणि मॅनेजर मोबाइल बघत होता. बाजूच्या टेबलावरच्या एका कुटुंबानं आमचं सगळं ऐकलं, खाली मान घालून तसलंच बिल भरलं आणि निघून गेलं.

तेवढ्यात मेहुण्याचा संयम सुटला. तो म्हणाला, ‘अहो, हे पत्रकार आहेत.’

आणि मंडळी, काय सांगू. मोबाइल खिशात गेला. खुर्ची आली. ज्या पाकिटाला बाहेर यायची पॉलिसी नव्हती, ते एका मिनिटात टेबलावर आलं. चौकोनात तपकिरी त्रिकोण. घटकांच्या यादीत कोळंबी. लेकीनं फोटो काढला. मॅनेजर म्हणाला, ‘सर, आधी सांगायचं ना! बिल राहू द्या. मावशींसाठी काहीतरी गोड मागवतो.’

‘आधी सांगायचं ना’ हे वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातनं जात नाहीये. आधी काय सांगायचं होतं? आजी माळकरी आहे हे फोनवर न विचारताच ‘व्हेज’ म्हणून झालं होतं का? विचारलं होतं. टेबलावर विचारलं, पाकीट मागितलं. सगळं आधीच सांगून झालं होतं. फक्त मी कोण हे सांगायचं राहिलं होतं. म्हणजे पाकीट गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत, पत्रकाराला दाखवतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस शिक्षक असेल, दुकानदार असेल, कुणाच्या खात्यात खतावणी लिहिणारा असेल. त्यानं काय सांगायचं? तहसील कचेरीत हेच, सरकारी दवाखान्यात हेच, आणि आता चारशे रुपयांच्या सुपाच्या हॉटेलातही हेच. ओळख काढल्याशिवाय माणसाला माणूस म्हणत नाहीत.

फुकटचं जेवण घेतलं नाही. करी आणि सर्व्हिस चार्ज वजा करून उरलेलं भरलं, छापील बिल मागून घेतलं. पहिल्या बिलाचा आणि मेनूकार्डावरच्या हिरव्या ठिपक्याचाही फोटो आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर बिल टाकून देऊ नका. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर छापणं सक्तीचं आहे, तक्रारीला तो लागतो. सर्व्हिस चार्जसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. फसवणुकीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या प्रकरणात फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ‘ई-जागृती’वर घरबसल्या अर्ज होतो. अन्नाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं. हे सगळं करताना नावापुढं ‘पत्रकार’ लिहायची गरज नाही. मी लिहिलेलं नाही. अर्ज लेकीच्या नावानं आहे, कारण पार्टी तिची होती आणि उरलेलं बिलही तिनंच भरलं.

गाडीत आई भिगवणपर्यंत गप्प होती. मग नातीच्या हट्टानं आणलेला पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, ‘पोरीनं पयल्या पगाराचं खाऊ घातलं, त्याचं वाईट वाटू द्यू नगा तिला. माझं मी पांडुरंगाशी बघते.’

तक्रारीचा नंबर आलाय. पुढं काय होतंय ते इथंच टाकतो.