चाकाचा आऊट

अब्बांचं साताऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि पान्ह्यांची पेटी. कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहिलं. 'पंक्चरवाल्याचा पोरगा' ही ओळख मला नको होती. पुढे मी मास्तर झालो. अब्बा गेले, दुकानही मोडलं.

पन्नाशीनंतर रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. यवतेश्वरचा घाट चढायचा, पुढे कासच्या रस्त्याला डांबर सोडून कच्च्या वाटेलाही लागायचं, म्हणून माउंटन बाइक घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने पुढे-मागे स्प्रिंगवाली, भडक रंगाची सायकल दाखवली. अब्बांचे शब्द आठवले, "पैले चक्का देख, रंग बाद में." उचलून पाहिली तर जडशीळ. शिवाय मागची स्प्रिंग चढावर पायडलचा जोर खाते. मी फक्त पुढच्या चिमट्याला स्प्रिंग असलेली, २६ इंची चाकांची सायकल घेतली. डांबरावर ती स्प्रिंग बंद करता येते.

नव्या सायकलचे खडबडीत टायर डांबरावर घुमायचे आणि पाय ओढायचे. म्हणून मधे गुळगुळीत, कडेला दातेरी असे टायर आणायला गेलो. पहिल्या दुकानात साध्या सायकलचा '२६ × १ ३/८' हातात दिला. तो परत केला. दोन्हींवर २६ लिहिलेलं असलं तरी साध्या सायकलच्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५९० मिलिमीटर, माउंटन बाइकचा ५५९. छापलेल्या आकड्यावर जाऊ नये, हे मी दहाव्या वर्षी अब्बांकडे शिकलो होतो.

घाटासाठी मागचं फ्रीव्हील बदललं. मोठ्या चक्राचे दाते २८ होते, ते ३४ झाले. चेनही लांब घ्यावी लागली. चढ काही कमी झाला नाही, पण दम पुरू लागला.

मग एकदा दगडावर आदळून मागचं चाक लडबडू लागलं. ब्रेकची रबरं रिमला घासायची. दुकानातला पोरगा म्हणाला, "चाकच बदला." मी घरी येऊन ट्रंकेतून अब्बांचा तारा आवळायचा पान्हा काढला. ओट्यावर सायकल उलटी केली. चाक डावीकडे झुकलं की उजवीकडची तार पाव फेरा आवळायची, डावीकडची तेवढीच सैल सोडायची. घाई केली की आऊट वाढतो. तासभर हात आपोआप चालत राहिले.

मुलगी दारात उभी होती. तिला मी आजवर 'दादांचं दुकान होतं' एवढंच सांगितलं होतं.

"अब्बा, हे कुठे शिकलात?"

"तुझ्या दादांकडे. ते पंक्चर काढायचे."

ती येऊन शेजारी बसली. "मला दाखवा ना."

मी पान्हा तिच्या हातात दिला.